मुंजा दर वेळी जिंकतो : एकट्याने नाइन-बॉल खेळताना सात-आठवर अडकत असाल तर

दुपारी तीनला पार्लर रिकामं असतं. तासाचे पैसे देऊन टेबल घ्यायचं, रॅक लावायचा (बॉल रचायचे, तो एक डाव), भुताशी सातची रेस सुरू करायची, म्हणजे आधी सात रॅक घेईल तो जिंकला. दीड तासाने वहीत २–७ लिहायचं. पुढच्या आठवड्यात १–७. एखाद्या दिवशी ४–७ झालं की आपण सुधारलो अशा समजात कटिंग मारून घरी यायचं, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा २–७. चुकतात ते शॉटही सोपे, बहुतेक सात किंवा आठ नंबरवर. हे गाडं महिनोन्महिने जागचं हलत नसेल तर पुढचं वाचा. माझं सव्वा वर्ष हललं नव्हतं.

ज्यांनी हा प्रकार खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नाइन-बॉल हा पूलचा, एक ते नऊ नंबरच्या बॉलांचा खेळ. समोर खेळाडू नसतो, एक काल्पनिक भूत असतं. ब्रेक आपण करायचा, म्हणजे रचलेले बॉल व्हाइटने (क्यूने मारायच्या पांढऱ्या बॉलने) फोडायचे. ब्रेकला जे बॉल पडले ते पडले (नऊ पडला तर तो परत जागेवर), आणि व्हाइट हातात घेऊन हवी तिथे ठेवायची. मग एकपासून नऊपर्यंत क्रमाने टेबल साफ करायचं. मध्ये एक जरी पॉट (बॉल पॉकेटमध्ये घालणं) चुकला, फाउल झाला किंवा व्हाइट आत गेली, तर रॅक भुताचा. भूत कधीच चुकत नाही, त्यामुळे त्याची पाळी खेळून बघायचीही गरज नाही. बॉल गोळा करायचे आणि पुढचा रॅक लावायचा. इंग्रजीत याला 'द घोस्ट' म्हणतात. आमच्या पार्लरमध्ये त्याचा मुंजा झाला. खरा मुंजा पिंपळावर असतो, हा कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसतो. आमच्याकडे हरणारा टेबलचे पैसे देतो असा रिवाज आहे. मुंजा हरला तरी पैसे आपल्यालाच द्यावे लागतात, एवढा एकच अन्याय.

नेम धरायच्या पद्धतीतला 'घोस्ट बॉल' वेगळा. तिथे बॉलला टेकलेली एक काल्पनिक व्हाइट बघायची असते. नवीन पोरं या दोन्हींची गल्लत करतात.

आधी गणित मांडून बघा

मी सव्वा वर्ष जे केलं नाही आणि पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, ते पाचवीच्या पोरालाही जमणारं गणित आहे. समजा, तुमचा प्रत्येक शॉट जमण्याची शक्यता शंभरात ९० आहे. जमणं म्हणजे बॉल पडणं आणि व्हाइट पुढच्या बॉलसाठी बऱ्या जागी थांबणं, दोन्ही. नऊ बॉल सलग काढायचे तर ०.९ ला ०.९ ने नऊ वेळा गुणा. उत्तर येतं ०.३९ च्या आसपास. म्हणजे दहात नऊ शॉट बरोबर मारणारा माणूसही दहातले सहा रॅक हरतो. आणि असा माणूस सातच्या रेसमध्ये मुंजाला किती वेळा हरवेल? पाच बैठकांत एकदा.

आता प्रामाणिकपणे ८० धरा. नऊ वेळा गुणल्यावर ०.१३ उरतात. सात-आठ रॅकमध्ये एक. अशा माणसाने सातची रेस जिंकायची शक्यता हजारात एकसुद्धा भरत नाही. मी याच गटात होतो आणि दर शनिवारी मनाला लावून घेत होतो. २–७ हा स्कोअर माझ्या पातळीला बरोबरच होता, उलट जरा बराच होता.

मुंजाशी अर्धे-अर्धे रॅक वाटून घ्यायचे तर प्रत्येक शॉट जवळजवळ ९३ टक्के जमायला हवा. तिथवर पोचायला वेळ लागतो, आणि तोवर नऊ बॉलच्या मुंजाशी डोकं आपटण्यात शिकणं फारसं होत नाही. सात-आठ नंबर बॉल तुमच्या वाट्याला रोज दोन-चारदाच येतात, तेही घाम फुटलेल्या अवस्थेत. सराव सगळा एक-दोन-तीनचा होतो.

म्हणून पहिला उपाय मुंजाचं वय कमी करण्याचा. तीन बॉल घ्या, टेबलावर हाताने पसरा, व्हाइट हातात, क्रमाने काढा. ८० टक्केवाल्याला इथे अर्ध्याहून किंचित जास्त रॅक मिळतात. ९० टक्केवाल्याने सहा बॉल घ्यावेत, त्यालाही साधारण तेवढेच मिळतील. रॅक अर्धे-अर्धे व्हायला लागतात तो मुंजा तुमच्या वयाचा. त्याला सलग दोन बैठकांत हरवलं की एक बॉल वाढवायचा, सलग तीन बैठका हरलात तर एक कमी करायचा. कमी करताना लाज वाटते, हे मान्य. मी नऊवरून थेट चारवर आलो तेव्हा शेजारच्या टेबलावरचा एकजण हसला होता.

चुकलेला बॉल सोडा, त्याच्या आधीचा बघा

वय कमी केल्यावर निम्मी तक्रार मिटते. उरलेली निम्मी वहीतून मिटते, पण वहीत नुसता स्कोअर लिहून उपयोग नाही. हरलेल्या प्रत्येक रॅकसाठी दोन गोष्टी लिहा: कितव्या बॉलवर मेलात, आणि तो शॉट मारायला वाकलात तेव्हा व्हाइट कुठे होती. 'जवळ, सोपा कोन', 'लांब', 'कुशनला (टेबलाच्या कडेला) चिकटून', 'राँग साइड', एवढं पुरे.

तीन आठवड्यांनी मी वही उलगडून बसलो. समजूत अशी होती की माझा हात सातवर थरथरतो. वहीत दिसलं ते वेगळंच. सातवर मेलेल्या रॅकपैकी बहुतेकांत व्हाइट लांब किंवा कुशनला चिकटलेली होती, म्हणजे घोटाळा सहा मारतानाच झाला होता. आणि सहा वाईट जागेवरून मारावा लागला होता, कारण पाच मारताना मी नुसता पॉट बघितला होता. एक ते पाच कसेबसे, प्रत्येक वेळी थोडं थोडं वाकडं होत गेलं आणि सातवर बिल आलं. 'सात चुकला' ही नोंद खरी होती, आणि तिचा काडीचा उपयोग नव्हता.

लांबचा शॉट किती महाग पडतो याचा एक हिशेब. पूलच्या बॉलचा व्यास ५७.१५ मिलिमीटर. सरळ शॉटमध्ये दोन बॉलच्या केंद्रांत अर्धा मीटर अंतर असेल आणि व्हाइट अर्धा अंश चुकीच्या दिशेने निघाली, तर समोरचा बॉल साधारण चार अंश वाकडा जातो. अंतर एक मीटर केलं तर तीच अर्ध्या अंशाची चूक आठ अंशांवर जाते. हात तोच, चूक तीच, फक्त व्हाइट अर्धा मीटर मागे थांबली होती. 'माझं पॉटिंग कच्चं आहे' म्हणणाऱ्या निम्म्या लोकांचं पॉटिंग ठीक असतं.

कॅरमचा हात

हे थोडं विषय सोडून वाटेल, पण मला तरी रोगाचं मूळ इथेच सापडलं.

आपल्यापैकी बरेचजण पूलला येतात ते कॅरमवरून. चाळीच्या गॅलरीत, मंडळाच्या खोलीत, बोरिक पावडर भुरभुरलेल्या बोर्डवर हात तयार झालेला असतो. तो हात वाईट नसतो. कट कळतो, रिबाउंड कळतो, जोर कळतो. पण कॅरममध्ये सोंगटी गेली की स्ट्रायकर उचलून परत आपल्या बेसलाइनवर, पट्ट्यात हवा तिथे ठेवता येतो. तो बोर्डवर कुठे जाऊन थांबला याच्याशी आपल्याला देणंघेणं नसतं. दहा-पंधरा वर्षं हाताला हेच वळण लागलेलं असतं: सोंगटी घालव, बाकी बघू.

पूलमध्ये स्ट्रायकर परत हातात येत नाही. जिथे थांबला तिथूनच पुढचा शॉट. मुंजाच्या खेळात व्हाइट हातात मिळते ती ब्रेकनंतर एकदाच, आणि तो एकच शॉट कॅरमसारखा असतो. मी पहिला बॉल जवळजवळ कधीच चुकत नव्हतो आणि तिसऱ्या-चौथ्यापासून सगळं बिघडत जायचं, याचा अर्थ तेव्हा लागला.

तुम्हीही कॅरमवाले असाल तर एक करून बघा. तीन बॉलच्या मुंजाशी खेळताना प्रत्येक शॉटआधी व्हाइट कुठे थांबणार ते बोट ठेवून दाखवा. एकटे असता, कोण बघतंय? बोट ठेवलेल्या जागेपासून वीतभर अंतरात थांबली तर ठीक, नाही थांबली तर बॉल पडला तरी रॅक मुंजाचा. जाचक नियम आहे. दोन बैठकांत मी एकही रॅक जिंकलो नाही. तिसऱ्या बैठकीत पहिल्यांदाच मी बॉलकडे न बघता टेबलाकडे बघत होतो.

व्हाइट जाते कुठे

याचं शास्त्र खूप आहे, पण मुंजाशी लढायला दोन गोष्टींवर बरंच भागतं. व्हाइट बॉलला धडकते त्या क्षणी ती नुसती सरकत असेल, पुढे किंवा मागे फिरत नसेल, म्हणजे स्टन शॉट असेल, तर ती बॉल गेला त्या दिशेशी काटकोनात निघते. आणि ती नैसर्गिकपणे गडगडत येत असेल तर, समोरच्या बॉलच्या पाव भागापासून पाऊण भागापर्यंत कितीही झाकून लागली तरी, आपल्या मूळ दिशेपासून साधारण ३० अंशांनी वळते. दुसरी गोष्ट मला कळली त्या दिवशी मी टेबलाभोवती दोन बोटांचा व्ही करून फिरत होतो. तर्जनी आणि मधलं बोट सहज फाकवलं की कोन साधारण तेवढाच होतो. एक बोट व्हाइट ज्या दिशेने मारणार त्या दिशेला धरा, दुसरं बोट दाखवतं ती तिची पुढची वाट. त्या वाटेवर पॉकेट असेल तर तिथे फाउल ठरलेला. वहीतले 'व्हाइट आत' या खात्यातले बरेचसे रॅक मला या एका बोटाने परत मिळाले.

साइड मारून, म्हणजे व्हाइटच्या डाव्या किंवा उजव्या अंगाला क्यू लावून, तिला वळवायचा मोह टाळा. साइड दिली की व्हाइट निघतानाच जराशी बाजूला सरकते, बॉललाही किंचित ढकलते, आणि पॉट चुकला तर कशामुळे चुकला ते वहीत लिहिता येत नाही. पाच बॉलच्या मुंजापर्यंत मधल्या उभ्या रेषेवरच, वर-मध्ये-खाली एवढंच मारा.

सगळ्यात मोठी चूक ब्रेकनंतरच्या पहिल्या शॉटला होते, जिथे व्हाइट कुठेही ठेवायची मुभा असते. आपण काय करतो? एक नंबरच्या मागे अगदी सरळ ठेवतो. पॉट पक्का. पण सरळ शॉटमधून व्हाइट त्याच रेषेत पुढे, मागे किंवा जागेवर, एवढंच करू शकते. दोन नंबर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला असेल तर तिकडे जाणार कशी? थोडा कोन ठेवून लावा, म्हणजे व्हाइट स्वतःच्या पायाने तिकडे निघते. आणि विचार उलटा करा: तीनवर व्हाइट कुठे हवी, त्यासाठी दोन मारताना ती बॉलच्या कोणत्या बाजूला हवी, म्हणून एकला ती कुठे ठेवायची. तीन बॉलांच्या पुढचा विचार करायची मला तरी गरज पडत नाही. नऊच्या नऊ बॉलांचा नकाशा आधीच डोक्यात असतो असं सांगणारे भेटतात. असेल बापडे.

व्हाइट नेमक्या जागी थांबवण्याचा अट्टहासही करू नका, तिला योग्य दिशेने आणा. कुठल्याही बॉलसाठी चांगली जागा म्हणजे एक पाचर असते. बॉलपाशी अरुंद, लांब जावं तशी रुंद. व्हाइट त्या पाचरीला आडवी छेदून जात असेल तर जोर थोडा इकडेतिकडे झाला की संपलं. तीच पाचरीच्या लांबीतून येत असेल तर वीतभर कमी-जास्त चालतं. लोकल फलाटाच्या लांबीत येते, म्हणून दोन डबे पुढे थांबली तरी चढता येतं. आडवी आली असती तर?

चिकटलेले बॉल

दोन बॉल एकमेकांना चिकटलेले असतील आणि तुम्ही ते 'नंतर बघू' म्हणून शेवटी ठेवत असाल तर मुंजाला फुकटचा रॅक देताय. चिकटलेली जोडी पहिल्या दोन-तीन शॉटमध्येच, टेबलावर अजून पर्याय असताना, व्हाइटने हलकेच फोडायची. चारपेक्षा कमी बॉलच्या मुंजाशी खेळत असाल तर सरळ हाताने वेगळे करा आणि पुढे चला. ते शिक्षण नंतरचं.

शेवटच्या तीनची घाई

आता खरोखर हात थरथरण्याबद्दल. तेही असतंच. वहीत 'जवळ, सोपा कोन' असं लिहून खाली 'आठ चुकला' असे काही रॅक निघतीलच. तिथे कारण बहुधा घाई असतं, आणि या घाईचं मूळ एकटं खेळण्यात आहे.

दोघे खेळताना आपण चुकलो की खुर्चीत जाऊन बसतो. समोरचा खेळतो, आपण पाणी पितो, चॉक लावतो, जीव खाली बसतो. बिलियर्ड्सच्या जुन्या खेळात तर समोरचा लांब ब्रेक (तिथे ब्रेक म्हणजे न चुकता सलग खेळी) खेळत असला की कितीही वेळ बसून राहावं लागायचं. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्सनी १९५८ साली जागतिक अमॅच्युअर बिलियर्ड्सचं अजिंक्यपद मिळवलं, ते अशाच खुर्चीच्या खेळात. मुंजाशी खेळताना खुर्ची मुंजाच्या ताब्यात असते. आपण चुकतो, बॉल गोळा करतो, तणतणत रॅक लावतो, धाडकन ब्रेक मारतो. मागच्या रॅकचा राग पुढच्या रॅकमध्ये येतो. तासाचे पैसे चढत असतात, त्याचीही टोचणी.

मला लागू पडलेला उपाय ऐकायला वेडगळ आहे. रॅक हरलो की क्यू भिंतीला टेकवायचा आणि मुंजाला उठवून त्याच्या खुर्चीत आपण बसायचं. टेबलावर उरलेले बॉल तो काढतोय असं समजून नजरेने एकेक बॉल कुठल्या पॉकेटमध्ये, कुठल्या वाटेने, ते बघायचं. एक-दोन मिनिटं लागतात. यात दोन कामं होतात: श्वास जागेवर येतो, आणि आपण सोडलेलं टेबल कसं काढता आलं असतं ते शांतपणे दिसतं. बऱ्याचदा मुंजा मी विचारही न केलेल्या पॉकेटमध्ये सात घालवतो. पार्लरच्या मार्करने, म्हणजे टेबलं सांभाळणाऱ्याने, एकदा विचारलं, "साहेब, बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, समोरच्याची पाळी चालू आहे. त्यानंतर त्याने काही विचारलं नाही.

शेवटच्या तीन बॉलांसाठी आणखी एक. रॅक हरल्याची नोंद झाल्यावर, ज्या मांडणीवर मेलात तेच शेवटचे तीन बॉल परत त्याच जागी ठेवा, व्हाइट हातात घ्या आणि काढा. तीनदा. नोंद बदलायची नाही, हा फक्त सराव. सात-आठ-नऊ अशा रीतीने दिवसातून वीस-पंचवीस वेळा हाताखालून जातात. एरवी आठवड्यात तेवढे जात नव्हते.

एकट्याने तासन्‌तास टेबलाशी झगडणं हा नवशिक्यांचाच रोग आहे असं नाही. स्ट्रेट पूलमध्ये, म्हणजे बॉल कुठल्याही क्रमाने काढायच्या प्रकारात, विली मोस्कोनींचा न चुकता सलग ५२६ बॉलांचा विक्रम १९५४ चा, ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमधला. तो मोडायला ६५ वर्षं गेली. जॉन श्मिटने २०१९ मध्ये ६२६ केले, आणि २०२२ मध्ये जेसन शॉने ७१४. सलग इतके बॉल काढताना समोर कोणी बसलं असलं काय, नसलं काय, सारखंच.

ट्रायल बॉल

गल्ली क्रिकेटमध्ये पहिल्याच बॉलला आउट झालेला पोरगा 'ट्रायल होता, ट्रायल' म्हणून ओरडतो. मुंजाशी खेळताना आपण सगळे तो पोरगा असतो. 'मोबाइल वाजला, हा धरायचा नाही.' 'चॉक लावायचा राहिला.' 'तो पॉकेटमध्ये गेलाच होता, बाहेर आला.' मुंजा भांडत नाही. स्कोअर ४–७ होतो, आपण खूश, आणि वहीतल्या आकड्यांवरून काहीच कळेनासं होतं. नियम खेळाच्या आधी वहीच्या पहिल्या पानावर लिहा: ब्रेकला व्हाइट आत गेली तर काय, चुकून दुसऱ्या पॉकेटमध्ये पडलेला बॉल धरायचा की नाही, कॉम्बिनेशनने, म्हणजे दुसऱ्या बॉलचा धक्का लागून, नऊ पडला तर रॅक कोणाचा. लोक वेगवेगळे नियम पाळतात, त्याने बिघडत नाही. मध्येच बदलले की बिघडतं. माझे असे आहेत: ब्रेकच्या फाउलला शिक्षा नाही, फुकट पडलेला बॉल धरायचा, आणि बाहेर आलेला बॉल बाहेरच आला.

ब्रेकवरून आठवलं. या खेळात ब्रेकला काही पडो न पडो, व्हाइट तुमच्याच हातात येते. मग जिवाच्या आकांताने मारायचं कशाला? बॉल नीट पसरले पाहिजेत आणि व्हाइट टेबलाच्या बाहेर उडता कामा नये, एवढंच बघा. अर्ध्या जोराने, व्हाइट मध्यावर मारून ब्रेक केला की माझ्या वाट्याला चिकटलेल्या जोड्या कमी येतात.

टेबलाचा दोष कधी

कधी कधी असतो. दर वेळी नसतो. तपासायला पाच मिनिटं लागतात. कोपऱ्यातल्या पॉकेटच्या तोंडाशी दोन बॉल शेजारी शेजारी ठेवा. स्पर्धांच्या टेबलावर कोपऱ्याच्या पॉकेटचं तोंड साडेचार इंचांपासून जेमतेम वाढतं, म्हणजे सव्वादोन इंची दोन बॉल घट्टच बसतात. तिथे तिसरा बॉल डोकावू लागेल एवढी जागा उरत असेल तर तुमचे आकडे फुगलेले आहेत. अशा टेबलावरच्या सहा बॉलच्या मुंजाची घट्ट टेबलावरच्या सहाच्या मुंजाशी तुलना करू नका. तीच गोष्ट टेबलाच्या लांबीची: नऊ फुटी टेबलाचं खेळायचं मैदान १०० बाय ५० इंच, आणि पार्लरमध्ये त्याहून लहान टेबलं सर्रास दिसतात. वहीत टेबल कुठलं तेही लिहा.

पावसाळ्यात कापड दमट होतं आणि बॉल जड चालतात. मेमध्ये जमलेला जोर जुलैत पुरत नाही. व्हाइट पाचरीच्या अलीकडेच थांबते आणि आपण क्यूला दोष देतो. खेळण्याआधी व्हाइट एका टोकाकडून समोरच्या कुशनला मारून परत आणा, पाच-सहा वेळा, कुठल्या जोराला कुठपर्यंत येते ते हाताला कळेपर्यंत. मळक्या बॉलांची गोष्ट यापेक्षा फसवी. बॉलवर चॉक आणि हाताचा मळ बसला की धडकताना घर्षण वाढतं आणि कट अपेक्षेपेक्षा कमी बसतो. हळू मारलेल्या स्टन शॉटला तर फारच. आठवडाभर माझे सगळे कट जाड जात होते. नेम दुरुस्त करत बसलो, आणि शेवटी ओल्या फडक्याने बॉल पुसून कोरडे केल्यावर पुन्हा नेम बिघडला, कारण आता बॉल बरोबर चालत होते. तेव्हा पुसायचं ते सुरुवातीलाच.

मुंजा काय शिकवत नाही

सेफ्टी, म्हणजे पॉट न मारता समोरच्याला अडचणीत ठेवणारा शॉट. या खेळात पॉट न झालेला प्रत्येक शॉट म्हणजे हरलेला रॅक, त्यामुळे हाताला सगळंच मारायची सवय लागते. मग खऱ्या माणसाशी खेळताना, जिथे शहाणा खेळाडू व्हाइट लपवून गप्प बसला असता, तिथे आपण टेबलभर लांबीचा पातळ कट मारतो आणि समोरच्याला हातात टेबल देतो. मी स्थानिक स्पर्धेत पहिल्याच फेरीत असा बाहेर पडलो, तेही मुंजाशी बरे दिवस चाललेले असताना. तेव्हापासून दर रॅकला एक सवलत ठेवली आहे: पॉट दिसत नसेल तर एक सेफ्टी खेळायची मुभा. व्हाइट जिथून पुढचा बॉल सरळ दिसतच नाही अशा ठिकाणी थांबली, तर व्हाइट परत माझ्या हातात. थोडी जरी कड दिसत असेल तर रॅक मुंजाचा, कारण त्याला तेवढं पुरतं. दिसते की नाही हे ठरवताना खाली वाकून, एक डोळा मिटून बघावं लागतं, आणि इथेच ट्रायल बॉलवाला पोरगा पुन्हा जागा होतो. शंका आली की मुंजाचं.

ज्या दिवशी जेमतेम अर्धा तास आहे, किंवा ऑफिसातून डोकं फिरवून घेऊन आलो आहे, त्या दिवशी मी रेस लावत नाही. तीन बॉल पसरतो आणि वही पिशवीतच राहते.

सध्या मी सहाच्या मुंजाशी खेळतो. गेल्या दोन बैठका ७–५ आणि ७–६, म्हणजे नियमाप्रमाणे येत्या शनिवारी सात बॉल. वहीत नवीन खातं वाढलं आहे, 'कुशनला चिकटलेला बॉल'. ते अजून सुटलेलं नाही.